पदर उलटून बघते, म्हणून

दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी विचारतंच. पिशवीतून साडी काढायची, कितीला पडली ते आधी सांगून टाकायचं आणि मी फॉलचे रंग लावून बघत असताना हळूच विचारायचं, ‘वहिनी, तुम्ही स्वतः घेता का हो ऑनलाइन?’ मी ‘नाही’ म्हणावं, अशी विचारणारीची अपेक्षा असते. माझं सांगलीत मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर, पिको-फॉल करून मिळेल. म्हणजे ऑनलाइनवाल्यांच्या नावानं बोटं मोडायचा हक्क जन्मतःच मला, असं लोकांना वाटतं.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घेते. पिको मशीनच्या सुया, बॉबिन केस, दोऱ्याची मोठी रिळं मी गेली काही वर्षं फोनवरूनच मागवते. माझं मशीन जुनं आहे आणि त्याचा एक पार्ट इथे तीन दुकानं फिरून मिळाला नव्हता, तो फोनवर चार दिवसांत आला. सुईवर नंबर असतो. १४ नंबरची सुई सांगलीत १४ आणि दिल्लीत १४. जिथे नंबर आहे तिथे मी डोळे मिटून घेते.

कापडाला नंबर नाही, तिथेच सगळी गोची आहे.

रंगाचंच बघा. बाई साडी घेऊन येते, मी पंधरा-वीस ब्लाउजपीस काढते, त्यातले दोन आमच्या ट्यूबखाली हुबेहूब जुळतात. मग मी दोन्ही उचलून दारात जाते. उन्हात एक जुळलेलाच राहतो आणि दुसरा पार निळा पडतो. साडी पॉलिस्टरची, ब्लाउज सुती, दोन्हींचे डाय वेगळे, म्हणून एका उजेडात सख्ख्या बहिणी वाटणारे रंग दुसऱ्या उजेडात ओळख दाखवत नाहीत. जांभळा, मोरपंखी आणि राणी हे तीन तर पक्के दगाबाज. संध्याकाळी सहानंतर मी जांभळं मॅचिंग करून देत नाही, उद्या सकाळी या म्हणते. सासूबाईंचा हा नियम होता, मी तो चालवते. आता विचार करा, जो रंग माझ्या दुकानाच्या काउंटरपासून दारापर्यंतच्या आठ पावलांत बदलतो, तो सुरतेच्या स्टुडिओतून कुणाच्या तरी कॅमेऱ्यात, तिथून तुमच्या फोनवर आणि तेही ब्राइटनेस निम्मा केलेल्या, स्क्रीनगार्ड तडकलेल्या फोनवर येईपर्यंत काय काय होत असेल.

सुरत मुद्दाम म्हटलं. लोकांना वाटतं दुकानातला माल वेगळा नि ऑनलाइनचा वेगळा. रोजच्या वापरातल्या सिंथेटिक साड्यांचं बोलायचं तर दोन्हीकडचा बराचसा माल सुरतेचाच. तोच गठ्ठा सांगलीच्या हरभट रोडवरच्या दुकानांत उतरतो आणि तोच गोडाऊनमधून पार्सल होतो. फरक कापडात नसतो, ते तुमच्या हातात कधी येतं यात असतो. दुकानात आधी हात लागतो, मग पैसे जातात.

आणि हात लागला की बाई पहिली गोष्ट काय करते? पदर उलटते. तुम्हीही करता, फक्त लक्षात येत नाही. फोनवर सोळा फोटो असतात. मॉडेल उभी, मॉडेल बसलेली, मॉडेल झरोक्याशी, काठाचा क्लोजअप. उलट्या बाजूचा फोटो मला क्वचितच दिसलाय.

एक शिक्षिका माझ्याकडे नेहमी येतात. लेकीच्या साखरपुड्यासाठी त्यांनी फोनवरून ‘प्युअर सिल्क पैठणी’ मागवली होती, तीन हजार आणि वर काहीतरी. फॉल लावायला आणली. पदरावर मोर होते, सुलट बाजूनं अगदी देखणे. मी पदर उलटला तर मागे दोऱ्यांची झालर. एका मोरापासून दुसऱ्या मोरापर्यंत सुटे धागे लोंबत होते, कुठे कुठे कापलेले. हातमागावरच्या पैठणीच्या पदराला असं होत नाही. तिथे प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या त्याच्या जागेपुरताच विणला जातो आणि नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते. मागे झालर असली की समजायचं, जॅकार्ड, म्हणजे नक्षी यंत्रानं विणलेली. मग बाईंच्या परवानगीनं पदराच्या गोंड्यातला एक धागा ओढून पेटत्या काडीवर धरला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटानं चुरता येते. हा धागा वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. बाई गप्प. मीही गप्प. तीन हजारांत अस्सल हातमागाची पैठणी येत नाही, मग ती येवल्यात घ्या नाहीतर फोनवर, हे मला बोलायचं होतं, पण तेव्हा नाही बोलले.

‘फॉल लावू नका,’ एवढंच म्हटलं. कारण फॉल लावला, सुई टोचली, की साडी वापरलेली ठरते. म्हणूनच ऑनलाइनची साडी आली की मी आधी विचारते, परत करायची मुदत संपली का? पुरी उलगडून मापली का? साधारण साडेपाच मीटर साडी आणि ऐंशी सेंटिमीटर ब्लाउजपीस मिळून सहा मीटर तीस असं लिहिलेलं असतं. मी टेपनं मोजून देते, पैसे घेत नाही. पाच मीटरला संपणाऱ्या साड्याही बघितल्यात, निऱ्या चार पडल्या की पदर संपला.

शिक्षिकाबाईंची साडी विकणाऱ्यानं आधी परत घेतली नाही, ‘वापरलेली दिसते’ म्हणाला. बाई मराठी शाळेतल्या, चिकाटीच्या. त्यांनी शोधून काढलं, की २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे वर्णनापेक्षा वेगळा माल निघाला तर विकणाऱ्याला परत घ्यायला नाही म्हणता येत नाही, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ४८ तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याच्या आत तक्रार निकाली काढावी लागते. मग ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लावला. तीन आठवड्यांनी पैसे आले. साखरपुडा जुन्या साडीत झाला.

हे सांगितलं की दुकानदार लोक खूश होतात. इतकं खूश व्हायचं कारण नाही. आपल्या दुकानांत ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी असते, ती काय आहे? २०१९च्या ग्राहक कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. बिलावर मुदत लिहिली नसेल तर तीस दिवस. आमच्याकडेही ती पाटी होती, गणपतीच्या फोटोखाली. शिक्षिकाबाईंनी दाखवून दिल्यावर मी काढली. आता लिहिलंय, ‘कापलेला कापड परत नाही, डाग-भोक निघाल्यास बदलून मिळेल.’ व्याकरण त्यांनी तपासलंय, ‘कापड’ पुल्लिंगी कसं केलंत म्हणून ओरडल्या. पाटी रंगवून झाली होती, तशीच आहे.

आणि भीड. साड्यांच्या मोठ्या दुकानात गादीवर बसायचं, पोऱ्या चहा आणतो, सेल्समन तीस साड्या उलगडतो. एकतिसाव्या साडीला मनातून कसंतरी व्हायला लागतं. एवढ्या उलगडायला लावल्या, आता न घेता कसं उठायचं? माझ्या आईनं आयुष्यात किमान सहा साड्या निव्वळ या भिडेपोटी घेतल्या. एक तर शेवाळी रंगाची होती, ती कधी नेसलीच नाही. फोनवर तीनशे साड्या बघा नि झोपा, कुणाचा चहा प्यायलेला नसतो. आतले कपडे घ्यायचे तर अजूनच. काउंटरला पुरुष उभा, बाईनं साइज पुटपुटायची, त्यानं ती मागच्या पोराला ओरडून सांगायची. कितीतरी बायका मला म्हणाल्यात, ते एवढं फोनवर मिळायला लागलं आणि सुटलो. यात मी दुकानाची बाजू अजिबात घेणार नाही.

घरात पार्सल आलं की ‘परत काही मागवलंस?’ म्हणणारे नवरे, सासवा असतात. आमच्या गल्लीतल्या तिघी जणी पार्सल माझ्या दुकानाच्या पत्त्यावर मागवतात. दुपारी येऊन फोडतात, मी फॉल लावते आणि साडी ‘वहिनींकडून आणली’ म्हणून घरी जाते. म्हणजे ऑनलाइनचं बिल माझ्या नावावर फाटतं. त्यातली एखादी साडी धुतल्यावर विरली की बोल मला. धंदा बसला का विचारता ना? विकायचा कमी झाला, शिवायचा वाढला. पूर्वी साडी दुकानातूनच पिको होऊन यायची, आता माझ्याकडे येते.

मी स्वतः साडी मात्र एकदाच मागवली. इरकल, दोन नग. ती जिथे विणतात ते कर्नाटकातलं इल्कल काही लांब नाही, पण जाणं होत नव्हतं. इरकलीचं अंग सुती आणि पदर रेशमी, दोन्ही जिथे फाशांनी जोडलेलं असतं तो सांधा बोटाला लागतो, डोळे मिटून सांगता येतो. आलेल्या दोन्हींत एक खरी होती. दुसरीवर पदराच्या पट्ट्या छापलेल्या होत्या, बोट गुळगुळीत फिरलं. फोटो दोन्हींचे सारखेच होते. खरी ठेवली, छापलेली परत पाठवली, त्यांनी मुकाट्यानं घेतली.

गेल्या दिवाळीआधी नणंदेच्या मुलीचा फोन आला, श्टुटगार्टहून. ‘मामी, इकडे मी साडी मागवलीय, ब्लाउज काही नीट नाहीये, तू मॅच करून पाठव.’ व्हिडिओ कॉलवर साडी धरली. मला डाळिंबी दिसली, ती म्हणे वांगी कलर. फोन हलवला की रंग हले. मी म्हटलं, घरात पार्ले-जी आहे का? होता, तिथल्या इंडियन शॉपमधला. पुडा साडीवर ठेवायला लावला, इकडे मीही एक पुडा काउंटरवर ठेवला. त्या पिवळ्या रंगाबद्दल आमच्या दोघींत वाद नव्हता. दोन्हीकडचा पिवळा सारखा दिसेपर्यंत तिला खिडकीकडे सरकवलं, मग रुबियाचा, म्हणजे ब्लाउजच्या सुती कापडाचा, एकेक पीस पुड्याशेजारी धरत गेले. सातवा पीस जुळला. एक मीटर कापला, अस्तर घातलं, मापाचा ब्लाउज तिच्या आईकडे होताच, शिवून कुरिअर केला.

पाडव्याला तिचा फोटो आला. ‘परफेक्ट मॅच, मामी!’ फोटोत मला ब्लाउज साडीपेक्षा चांगला दोन छटा गडद दिसत होता. मी हार्ट पाठवलं. पुडा फोटोत नव्हता.