अर्धा गुण कमावताना: माझी बुद्धिबळ-नोंद

या पावसाळ्यात फोंड्याला घरी बसून ओपनिंग्ज (डावाच्या सुरुवातीच्या चाली) बाजूला ठेवल्या आणि फक्त ड्रॉ, म्हणजे डाव बरोबरीत सोडवणं, शिकायला घेतला. नवशिक्याने हेच आधी शिकावं, असं आता मला ठाम वाटतं. हरत आलेला डाव वाचवता येतो हे कळलं की खेळताना धीर राहतो.

ड्रॉचा एक प्रकार म्हणजे स्टेलमेट. त्याची व्याख्या सोपी आहे. ज्याची पाळी आहे त्याच्या राजाला शह नाही आणि त्याच्याकडे नियमात बसणारी एकही चाल नाही, की स्टेलमेट, अर्धा-अर्धा गुण. एके काळी इंग्लंडमध्ये तर अशी कोंडी करणाराच हरलेला धरत.

खरी गंमत राजा-प्याद्याच्या शेवटात आहे. पांढरा राजा ई५, पांढरं प्यादं ई६, काळा राजा ई७ आणि चाल काळ्याची (अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी ओळ). चतुर्थीला भाची आली होती, तिने हीच पोझिशन मांडली. मी राजा डी८ वर न्यायला उचलला तशी ती ओरडली, "मामा, सरळ मागे!" म्हणजे ई८. मग पांढरा डी६ वर आला की काळ्याने डी८ वर समोर उभं राहायचं. प्यादं ई७ वर शह देत येतं, राजा परत ई८. आता प्यादं राखायचं तर पांढऱ्याला ई६ हे एकच घर उरतं, आणि तिथे राजा गेला की स्टेलमेट! उलट काळा आधीच डी८ वर गेला तर पांढरा डी६ घेतो, राजा ई८ वर येतो, प्यादं ई७ वर शह न देता पोचतं आणि डाव जातो. प्यादं सातव्या ओळीत शह देत आलं की ड्रॉ, शांतपणे आलं की हार: या पोझिशनसाठी मी एवढंच लक्षात ठेवतो.

बाकीचे नियम पटकन. ड्रॉसाठी तीनदा तीच चाल नव्हे, तीच पोझिशन यावी लागते, पाळीही त्याच खेळाडूची हवी. मधे दुसऱ्या चाली झाल्या तरी चालतं. दोघांच्या पन्नास-पन्नास चालींत मारामारी नाही, प्यादं हललं नाही, तर ड्रॉ मागता येतो. मागावा मात्र लागतो. पंचाहत्तर झाल्या की न मागताच ड्रॉ.

२०२५ च्या नोव्हेंबरात गोव्यातच बुद्धिबळाचा विश्वचषक झाला. अंतिम फेरीत उझबेकिस्तानचा सिंदारोव आणि चीनचा वेई यी यांचे दोन्ही क्लासिकल (जास्त वेळाचे) डाव बरोबरीत सुटले, निकाल टायब्रेकमध्ये, म्हणजे नंतरच्या कमी वेळाच्या डावांत लागला. ड्रॉ म्हणजे रटाळ डाव, असं म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालतो.

सध्या पांढऱ्या वजिराविरुद्ध काळ्याचं सी२ वरचं, वजीर व्हायला एकच घर उरलेलं प्यादं चालू आहे. काळा राजा ए१ वर सरकतो, वजिराने प्यादं मारलं की स्टेलमेट. हेच प्यादं डी२ वर असतं तर ही युक्ती चालत नाही. पुढे चुकीच्या रंगाचा उंट (प्यादं जिथे वजीर होतं त्या घरावर ज्याचा ताबा नसतो असा) आणि कडेचं प्यादं घेणार आहे. कुणाकडे सरावाच्या चांगल्या पोझिशन्स असतील तर जरूर कळवा.