नसेल तर...

परवा दुपारी फ्रीजच्या दारातल्या बाटल्या पुसायला काढल्या. म्हणजे काढाव्या लागल्या, सॉसचं झाकण नीट न लावणारी माणसं आमच्याच घरात आहेत. तर सगळ्यात मागे सरकलेली एक जॅमची जुनी बाटली हाताला लागली. तळाशी जेमतेम दीड चमचा मिरची, धड लाल नाही, धड काळी नाही, वाळलेल्या आमसुलाच्या रंगाची. इसोत. तुर्कस्तानातल्या उर्फाची मिरची. झाकण उघडलं तर वास अजून तसाच, मनुकांचा, थोडा तंबाखूचा, आणि आजीच्या ट्रंकेला यायचा तसला काहीतरी बंद बंद वास. दर वर्षी बर्लिनहून येणारं कुणी ना कुणी एखादं पाकीट आणायचं, यंदा कुणी आलंच नाही. शेजारच्या बाटलीतली पुल बिबेर, ती मराशची लालबुंद वाली (मराश हे पण तुर्कस्तानातलंच गाव), ती तर दिवाळीतच संपली.

मग बाटल्या तशाच ओट्यावर टाकून मोबाईल घेऊन बसले, इसोत नसेल तर काय वापरायचं ते बघायला.

ह्या "नसेल तर" वाल्या याद्या कोण लिहितं देव जाणे. मेक्सिकोची आंचो वापरा म्हणे. ती नसेल तर कोरियाची गोचुगारू. ती पण नसेल तर फ्रान्सची एस्पलेत. अहो, मी हडपसरला राहते. ही सगळी मंडळी माझ्या मांडणीवर ओळीने बसलेली असती तर मी दीड चमचा इसोतसाठी कशाला रडले असते? घरात गूळ संपलाय म्हटलं तर कॅनडाचं मेपल सिरप घ्या सांगण्यातला प्रकार. एक आंचोचं पाकीट ऑनलाइन मिळत होतं, किंमत बघून मी आधी झाकणं लावली, मग फ्रीजचं दार लावलं आणि मग पाणी प्यायले.

आणि दुसरं म्हणजे ते स्मोक्ड पापरिका. प्रत्येक यादीत. इसोत चवीला धुरकट लागते हे खरं, पण तिने जन्मात धूर बघितलेला नसतो. धुरावर नाही वाळवत ती. त्यामुळे तिच्या जागी धुरातली पावडर घालणं मला पटतच नाही. हा माझा हट्ट आहे, असू दे.

गंमत म्हणजे ही मिरची आमच्या घरात शिरली तीच मुळी बदली म्हणून. बर्लिनला गेलो तेव्हा आईने दोन किलो तिखट दिलं होतं, तीन प्लास्टिकच्या पिशव्या, त्यावर चौथी, त्यावर जुना टॉवेल. ते फेब्रुवारीत संपलं. सुपरमार्केटमधून "पापरिका" लिहिलेली डबी आणली, रंग तिखटाचा आणि चव कुंकवाची. त्या पावडरीचं पिठलं केलं त्या दिवशी नवरा काही बोलला नाही पण दोनदा मीठ मागितलं. मग ऑफिसमधल्या कुणीतरी सांगितलं की तुर्की दुकानात जा. तिकडे कालव्याच्या काठी, मायबाखउफरला, मंगळवारी आणि शुक्रवारी तुर्की बाजार भरतो, कोथिंबिरीच्या जुड्या, भेंडी, ओरडणारे भाजीवाले, पहिल्यांदा गेले तेव्हा उगाचच दोन चकरा मारल्या, घ्यायचं काही नव्हतं तरी. त्याच्याजवळच एका गल्लीत हे दुकान सापडलं.

दुकानवाला साठीचा असेल. मला म्हणायचा अब्ला. तुर्कीत अब्ला म्हणजे ताई, वयाने लहान बाईलाही मानाने म्हणतात, पण हे मला नंतर कळलं. पहिल्या दिवशी मी कणकेची दहा किलोची पिशवी खांद्यावर टाकून उभी आणि हा मला अबला म्हणतोय! मी त्याला आबी म्हणायला शिकले, म्हणजे दादा. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही आणि त्यानेही माझं नाही.

तर आबी मराशचा. त्याचा बाप १९६१ च्या करारानंतर जे तुर्की कामगार जर्मनीत आले त्यातला. आबीचं म्हणणं, मिरची फक्त मराशची. पुल बिबेर. पुल म्हणजे माशाचा खवला, नाहीतर साडीवरची टिकली, आणि तशीच असते ती, पावडर नाही, बारीक चकाकत्या टिकल्या. बिया बऱ्याचशा काढलेल्या, अंगाला मीठ आणि तेल, त्यामुळे चिमटीत घेतली की ओलसर लागते, भुरभुरत नाही. इसोत पण ठेवायचा तो, पण खालच्या फळीवर, आणि मागितली की असा चेहरा करायचा, जसं काही कोल्हापुरात कुणी नागपूरचं सावजी मागितलंय. एकदा मला म्हणाला, आमच्या गावाला सरकारने १९७३ साली कहरामान पदवी दिली, वीर. कहरामानमराश. उर्फावाल्यांना शानली कधी मिळालं? १९८४! अकरा वर्षं मागाहून! हे सगळं मिरचीचं वजन करता करता, अगदी गंभीरपणे. शानली म्हणजे आपलं शानदारच, शब्द एकच. मी खालच्या फळीवरची इसोत पण घेतली, त्याने निमूटपणे पिशवीत टाकली.

तर ती पुल बिबेर मी पोह्यात घातली, पिठल्यात घातली, भरल्या वांग्यात घातली. आपल्या तिखटाच्या जागी चालते का? चालते. तेवढं झणझणीत नाही, मागून जरा आंबटगोड येते, पोरांना तर तीच आवडायला लागली. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं असू दे, मिळेल ते घाल, इकडे आलीस की खा नीट." आणि आता इकडे आलोय तर पोरगी म्हणते, मम्मा पोह्यात ती तिकडची मिरची घाल ना. म्हणजे बदलीवर आलेली बाई कायम झाली आणि आता तिच्या जागी बदली शोधायची वेळ माझ्यावर.

केले ना प्रयोग. सगळे केले.

आधी काश्मिरी तिखट. आमच्याकडे रविवारी चिलबिर होतं, लसूण घातलेलं दही, त्यावर पाण्यात उकडलेलं बिनकवचाचं अंडं आणि वरून लोण्यात परतलेली पुल बिबेर. तर लोणी तापवलं, तिखट टाकलं आणि सगळे खोकत बाल्कनीत. पावडर जळते, टिकल्या जळत नाहीत इतक्या पटकन. खरं तर मला कळायला हवं होतं, गॅस बंद करून मग फोडणीत तिखट घालायचं हे आपल्याला कुणी शिकवावं लागतं का? पण बाहेरचा पदार्थ म्हटला की आपलं घरचं डोकं बंदच पडतं.

मग बेडगी. ही जमली. सुकी बेडगी घ्यायची, देठ मोडायचं, हातात चुरगाळून बिया झटकून टाकायच्या (आणि नंतर दोन तास डोळ्याला हात लावायचा नाही, मी लावला), मंद तव्यावर नुसती कोमट करायची, मिक्सरला गरगर फिरवायचं नाही, टक टक करत चार झटके. ताटात काढून वर पाव चमचा मीठ, चमचाभर तेल, आणि बोटांनी चोळायचं, शेवयांना तूप चोळतो तसं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर अगदी टिकल्या. डोळे मिटून खाल्ली तर मी फसेन. आबी नाही फसणार. आजी म्हणायचीच, रंगाला बेडगी, चवीला संकेश्वरी, झटक्याला लवंगी, तिला मराश माहीत नव्हतं, नाहीतर चौथं काहीतरी म्हणाली असती.

पण इसोत. तिथे गाडी अडली. बेडगी जास्त भाजून बघितली, कडू. काळ्या मनुका आणि बेडगी एकत्र फिरवली, तर चक्क चटणी झाली, बरी होती, भाकरीबरोबर संपली, पण इसोत नाही. चिमूटभर कोको घालून बघितला, ते कुणाला सांगितलं नाही, इथेच सांगतेय. बिबेर शोधता शोधता बिब्बाच घालत होते म्हणा ना.

मग डोक्यात आलं की इसोतचं जे काही आहे ते रात्री होतं. उर्फाकडे मिरच्या दिवसा उन्हात पसरतात आणि रात्री गच्च झाकून, गुंडाळून ठेवतात, म्हणजे दिवसभर तापलेल्या मिरच्यांना आतल्या आत घाम फुटतो, सकाळी परत ऊन, रात्री परत घाम, असं बरेच दिवस. रंग काळसर होतो तो त्याने. आणि हे वाचताना मला आमची मिरजेची गच्चीच दिसली एकदम.

मे महिना, जुन्या नऊवारीचं धडपं, चार कोपऱ्यांना चार विटा, आणि त्यावर आजीच्या सांडगी मिरच्या. पोटात मेथी, धने, हिंग, मीठ भरलेल्या. दिवसा उन्हात, रात्री ताकात. संध्याकाळी आजी त्या एकेक उचलून दगडीच्या ताकात सोडायची, सकाळी निथळून परत गच्चीवर. माझं काम राखणीचं, हातात काठी, डोक्यावर ओला टॉवेल. कावळे काय मिरच्या खातात? मी आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, खात नाहीत, उचलून नेतात आणि शेजारणीच्या गच्चीवर टाकतात. मी खरं मानलं आणि कितीतरी दिवस शेजारच्या काकूंच्या ताटात आमची मिरची आहे का बघायचे. दहा दिवसांनी त्या हिरव्यागार मिरच्या वाकड्या, फिकट, म्हाताऱ्या दिसायला लागायच्या. एक तळली की अख्ख्या वाड्याला कळायचं.

म्हणजे रात्र आपल्याकडे पण होती की. म्हणून घरातली एक सांडगी मिरची तळून, चुरून चिलबिरवर टाकली. चव? खारट, आंबट, कडवट, मेथीचा वास, इसोतशी लांबचंही नातं नाही. नवऱ्याने दोन अंडी जास्त खाल्ली. आता दर रविवारी तेच मागतो, आणि त्याला चिलबिर न म्हणता दहीअंडं म्हणतो, तुर्की माणसाने ऐकलं तर काय म्हणेल.

तसं बघायला गेलं तर मिरची स्वतःच बदलीवर आलेली. कोलंबस निघाला होता मिऱ्याच्या शोधात, सापडली ही. पोर्तुगीजांनी इकडे आणली, आपण तिला मिरीवरून मिरची म्हटलं, तुर्कांनी मिऱ्याचा जो शब्द होता तोच दिला, बिबेर. मिऱ्याला अजून ते काराबिबेर म्हणतात, काळी बिबेर. आणि तो बिबेर आला ग्रीकांच्या पिपेरीवरून, आणि पिपेरी आपल्या पिप्पलीवरून, म्हणजे पिंपळी, खोकला झाला की आजी मधातून चाटवायची ती. हे कळलं तेव्हा आबीला सांगायला हवं होतं असं वाटलं. तो म्हणाला असता, ठीक आहे अब्ला, पण मिरची मराशचीच.

आम्ही परत आलो २०२१ ला. ६ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे मराशकडे भूकंप झाला, ७.८ चा, आणि दुपारी परत दुसरा, जवळपास तेवढाच मोठा. तुर्कस्तानात पन्नास हजारांवर माणसं गेली. टीव्हीवर गावाचं नाव दिसत होतं, कहरामानमराश, आणि मला ते १९७३ आणि ती अकरा वर्षं आठवत होती. आबीचा भाऊ तिकडे असायचा, मिरचीचं शेत होतं त्यांचं, हंगामात तो फोनवर त्याच्याशी मोठमोठ्याने बोलायचा आणि आम्ही गिऱ्हाईकं थांबायचो. दुकानाच्या पिशवीवर फोन नंबर छापलेला होता. मी पिशव्यांच्या पिशवीतून ती शोधून काढली, नंबर मोबाईलवर टाईप पण केला. पण सांगणार काय? मी ती, अर्धा किलो पुल बिबेर नेणारी? इकडे नाव माहीत नाही, तिकडे नाव माहीत नाही.

फोन नाही केला.

पिशवी परत घडी घालून आत ठेवली. दीड चमचा इसोत पण फ्रीजच्या दारात ठेवली परत, मागेच.