द्राक्षबाग, क्षयरोग आणि औषधाला न जुमानणारे जंतू

तासगाव तालुक्यातल्या बागांची फळछाटणी उरकली, की पोंगा अवस्थेपासून, म्हणजे नवे कोंब फुटू लागल्यापासून, बागायतदाराचे सारे लक्ष आभाळाकडे लागते. परतीचा पाऊस रेंगाळला आणि पाने रात्रभर ओली राहिली, की काही दिवसांतच पानाच्या वरच्या बाजूला पिवळट तेलकट डाग उमटतो, आणि पान उलटून पाहिले तर नेमक्या त्याच जागी पांढरी मऊ लव आलेली दिसते. हा द्राक्षावरचा डाऊनी, म्हणजे केवडा रोग. तो घडावर उतरला तर वर्षाची मेहनत गेली, म्हणून फवारणीत कोणी हयगय करत नाही. आमची बाग माझे थोरले बंधू पाहतात. एखाद्या औषधाबद्दल दादा वैतागून म्हणतात, "पूर्वी एका फवारणीत डाग वाळायचा, आता रिझल्टच येत नाही. रोगाला सवय झालीय औषधाची." सांगलीत डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर बसलेली माणसेही हेच बोलत असतात, फरक इतकाच, की तिथे विषय तापाचा किंवा लघवीच्या संसर्गाचा असतो.

मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, आणि सवय झाल्याचे हे स्पष्टीकरण मला दर वर्षी नव्याने खोडावे लागते. एकेका जंतूला औषधाची सवय होत नाही. औषधाला दाद न देणारे मोजके जंतू औषध येण्याआधीच त्या गर्दीत असतात आणि औषध बाकीच्यांना मारून त्यांना रान मोकळे करून देते. हा फरक केवळ पुस्तकी नाही. उपचार कसा करायचा आणि फवारणी कशी करायची, हे दोन्ही त्यावर अवलंबून आहे.

याचा पुरावा पेनिसिलीन घरोघरी पोचण्याआधीचा आहे. १९४३ साली साल्वादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी ई. कोलाय हे जिवाणू आणि त्यांना मारणारा एक विषाणू घेऊन एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनेक लहान नळ्यांमध्ये अगदी थोड्या जिवाणूंपासून स्वतंत्रपणे वाढ करायची, मग प्रत्येक नळीतला द्रव विषाणू पसरलेल्या तबकडीवर ओतायचा आणि तगलेल्या वसाहती (एकेका जिवाणूपासून वाढलेले ठिपके) मोजायच्या, इतकीच त्याची मांडणी होती. विषाणूशी गाठ पडल्यानंतर जर काही जिवाणू प्रतिकार कमावत असतील, तर सर्व नळ्यांतून जवळपास सारख्याच वसाहती मिळायला हव्यात. परंतु तो बदल आधीच, वाढीच्या काळात केव्हातरी योगायोगाने घडत असेल, तर ज्या नळीत तो लवकर घडला तिथे त्याचा वंश वाढलेला असणार आणि आकडे कमालीचे विषम येणार. प्रत्यक्षात बहुतेक नळ्यांतून शून्य किंवा दोन-चार वसाहती आल्या, तर एखाद्याच नळीतून त्यांचा सडा पडला. तरीही शंका घेणारे उरले होते. १९५२ साली एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी मखमलीचा उपयोग करून त्यांचीही शंका फेडली.

हा दुसरा प्रयोग वर्गात करून दाखवता येतो. आम्ही कापड पेठेतून साधी सुती मखमल आणतो, तिचे चौकोन ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करून नीट सुकवतो, कारण ओलसर मखमलीवर ठसा फिसकटतो. लाकडी ठोकळ्यावर मखमल ताणून बसवायची, वसाहतींनी भरलेली मूळ तबकडी तिच्यावर हलकेच टेकवायची आणि मग त्याच मखमलीवर प्रतिजैविक घातलेली दुसरी तबकडी टेकवायची. दोन्ही तबकड्यांच्या कडेला एकाच दिशेला खूण केलेली असली पाहिजे. मुले नेमकी तीच विसरतात. दुसऱ्या दिवशी औषधाच्या तबकडीवर एखाद-दुसरी वसाहत उगवलेली असते. खुणेवर खूण जुळवून मूळ तबकडीवर तीच जागा शोधली आणि तिथले जिवाणू उचलले, तर त्यांत प्रतिकारक्षम जिवाणूंचे प्रमाण कितीतरी पटींनी जास्त सापडते, आणि मूळ तबकडीतल्या या जिवाणूंनी औषध कधी पाहिलेलेही नसते.

निसर्गात तर हा प्रतिकार फारच जुना आहे. पेनिसिलीन फोडणारे एन्झाइम जिवाणूंमध्ये असल्याचे अब्राहम आणि चेन यांनी १९४० सालीच नोंदवले, म्हणजे ऑक्सफर्डमध्ये पहिल्या रुग्णाला ते औषध टोचण्याच्या आधी. २०११ साली उत्तर अमेरिकेतल्या सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीच्या गोठलेल्या मातीतून वेगळ्या केलेल्या डीएनएमध्ये टेट्रासायक्लीन, पेनिसिलीन आणि व्हॅन्कोमायसीन या औषधांना निष्प्रभ करणारी जनुके मिळाली. बहुतेक प्रतिजैविके मुळात मातीतल्या जंतूंचीच निर्मिती असल्यामुळे त्यात नवल नाही.

प्रतिकार आधीच हजर असतो हे मान्य केले, की पुढचा सगळा प्रश्न गणिताचा उरतो, आणि ते गणित क्षयरोगाइतके स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. सांगली आणि मिरज यांच्या मधल्या वानलेसवाडीत एके काळी क्षयरोग्यांचे सॅनिटोरियम होते, आणि औषधे नव्हती त्या काळात हवा, विश्रांती आणि आहार एवढ्यावरच तिथे भिस्त होती. मग स्ट्रेप्टोमायसीन आले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत हे औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत ४ जण दगावले, तर केवळ विश्रांती दिलेल्या ५२ पैकी १४. आकडे डोळे दिपवणारे होते. पण पाच वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा पहिल्या गटातले ३२ आणि दुसऱ्या गटातले ३५ रुग्ण गेलेले होते. मधल्या काळात बहुतेकांच्या छातीतले जंतू स्ट्रेप्टोमायसीनला दाद देईनासे झाले होते.

कारण उघड आहे. फुफ्फुसातल्या एका पोकळीत क्षयाचे जंतू कोटींच्या, कधी शंभर कोटींच्या घरात असतात. आयसोनियाझिड या क्षयावरच्या औषधाला न जुमानणारा जंतू ढोबळमानाने दहा लाखांत एक असतो आणि रिफाम्पिसिन या दुसऱ्या औषधाला न जुमानणारा दहा कोटींत एक. म्हणजे दोहोंपैकी कोणतेही औषध एकटे दिले तरी वाचणारे कोणीतरी असतेच. दोन्ही एकत्र दिली, की दोन स्वतंत्र योगायोग एकाच जंतूत जुळून यावे लागतात, आणि ती शक्यता शंभर लाख कोटींत एक इतकी खाली जाते. एवढे जंतू कोणाच्याही छातीत मावत नाहीत. आज क्षयाच्या एका गोळीत तीन-चार औषधे एकत्र असतात ती याचसाठी. मात्र या हिशेबात एक चोरवाट आहे: रुग्णाचे जंतू दोहोंपैकी एका औषधाला आधीच दाद देत नसतील, तर गोळीत दोन औषधे दिसली तरी काम एकच करत असते. त्यामुळे फसत चाललेल्या उपचारात एकच नवे औषध वाढवणे हा क्षयरोगातला जुना आणि महागात पडणारा प्रमाद मानला जातो. सीबीनॅट यंत्र थुंकीच्या नमुन्यातून रिफाम्पिसिनचा प्रतिकार साधारण दोन तासांत ओळखते. अशी चाचणी उपचारापूर्वी करण्याचा जो आग्रह आहे, तो या चोरवाटेमुळे.

हेच गणित बागेत लागू पडते. मेटॅलॅक्झिल हे डाऊनीवरचे आंतरप्रवाही (पानाच्या आत शिरणारे) औषध १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आले आणि १९८०-८१ पर्यंत युरोपात द्राक्षावरच्या डाऊनीत त्याला प्रतिकार आढळू लागला, कारण ते रोगाच्या एकाच मर्मावर घाव घालते. मॅन्कोझेब किंवा १८८५ पासून वापरात असलेले बोर्डो मिश्रण एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालते. त्यातून सुटायला एक उत्परिवर्तन (जनुकातला योगायोगाने झालेला बदल) पुरत नाही, म्हणून बोर्डो आजही चालते. यामुळेच आपल्याकडे ८ टक्के मेटॅलॅक्झिल आणि ६४ टक्के मॅन्कोझेब असे मिश्रण विकले जाते. पण मॅन्कोझेब पानाच्या पृष्ठभागावर राहते आणि जोराच्या पावसाने धुऊन जाते, तर मेटॅलॅक्झिल पानाच्या आत टिकून राहते. त्यामुळे पावसानंतरचे काही दिवस मिश्रण फवारलेल्या बागेत प्रत्यक्षात एकच औषध लढत असते. क्षयाच्या गोळीतल्या चोरवाटेसारखीच ही दुसरी चोरवाट आहे, आणि पाऊस तर डाऊनीला हवाच असतो. स्ट्रोबिल्युरिन गटातल्या बुरशीनाशकांची कथा याहून झटपट घडली. ती औषधे १९९६ साली युरोपात गव्हासाठी आली आणि दोनच वर्षांत उत्तर जर्मनीत गव्हावरच्या भुरीने (पानांवर पांढरी पूड आणणाऱ्या बुरशीने) त्यांना धुडकावले. एका प्रथिनात १४३ व्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाच्या ऐवजी ॲलनीन आले, एवढ्यानेच काम झाले. पुढे द्राक्षावरच्या डाऊनीतही नेमका हाच बदल सापडला.

मग औषध काही वर्षे बंद ठेवले तर ते पुन्हा चालू लागेल का, असा प्रश्न दादांनी मला एकदा विचारला होता, आणि त्याचे उत्तर त्यांना आवडेल असे नव्हते. मलावी या देशाने १९९३ साली हिवतापावरचे क्लोरोक्वीन मागे घेतले. दहाएक वर्षांत तिथले परजीवी पुन्हा त्या औषधाने मरू लागले, कारण क्लोरोक्वीनपासून वाचवणारे उत्परिवर्तन परजीवीला इतर वेळी जड जात होते. दुसरीकडे ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात सल्फा औषधांचा वापर ९७ टक्क्यांहून अधिक घटला, तरी ई. कोलायमधला प्रतिकार १९९९ साली ४६ टक्क्यांवर होता, म्हणजे उलट किंचित वाढलेलाच. तिथे प्रतिकाराचे जनुक प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या फिरत्या कड्यावर इतर औषधांच्या प्रतिकाराबरोबर बसलेले होते; दुसरे कोणतेही औषध वापरले, तरी सल्फाचा प्रतिकार आपोआप जोपासला जात होता. शिवाय काही जिवाणूंत मूळ उत्परिवर्तनाची झळ भरून काढणारी दुसरी उत्परिवर्तने येतात, आणि मग मागे फिरण्याचे कारणच उरत नाही. कोणता प्रतिकार विरेल आणि कोणता ठाण मांडून बसेल हे त्या-त्या जनुकावर ठरते. सरसकट नियम सांगणाऱ्या माणसावर मी तरी विश्वास ठेवत नाही. रुग्णालयांत औषधे आलटून-पालटून वापरण्याचेही तसेच आहे: ऐकायला ही युक्ती पटते, परंतु युरोपातल्या आठ अतिदक्षता विभागांत झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ठराविक काळाने औषध बदलणे आणि एकाच वेळी वेगवेगळ्या रुग्णांना वेगवेगळी औषधे देणे, यांत फरक दिसला नाही.

बाग आणि रुग्णालय यांचा संबंध इथवर केवळ साधर्म्याचा होता. एका बाबतीत तो थेट आहे, आणि द्राक्षाच्या जिल्ह्यात त्याची चर्चा जवळपास होतच नाही. भुरीसाठी आपण हेक्साकोनाझोल, मायक्लोब्युटॅनिल, डायफेनोकोनाझोल अशी औषधे फवारतो. फुफ्फुसातल्या ॲस्परजिलस बुरशीवर डॉक्टर व्होरिकोनाझोल किंवा इट्राकोनाझोल देतात. बहुतेक नावांच्या शेपटीवरून कळतेच, की हे अझोल नावाचे एकच घराणे आहे, आणि दोन्हीकडची औषधे बुरशीच्या पेशीतल्या एकाच एन्झाइमला रोखतात. (डाऊनी हा खऱ्या अर्थाने बुरशी नसल्यामुळे त्यावर अझोल चालत नाहीत, कृषी सेवा केंद्रात 'दोन्हींवर चालेल' असे सांगून अझोल दिले गेले, तर ते डाऊनीसाठी निरुपयोगीच असते.) ॲस्परजिलस कोणा रुग्णाकडून रुग्णाकडे पसरत नाही, तो मातीत आणि कुजणाऱ्या पाल्यात वाढतो आणि त्याचे बीजाणू आपण सगळेच श्वासातून घेतो. नेदरलँड्समध्ये पूर्वी कधीही अझोल न घेतलेल्या रुग्णांत या औषधांना न जुमानणारा ॲस्परजिलस सापडू लागला, आणि त्यातले विशिष्ट जनुकीय बदल तिथल्या मातीत व कंपोस्टमध्येही आढळले. २०१२ साली भारतातल्या मातीच्या नमुन्यांत तोच बदल मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. रुग्णाने एकही गोळी चुकवली नाही, तरी त्याला होणारा संसर्ग आधीच शेतात निवडलेला असू शकतो, हे औषधाचा कोर्स पूर्ण करा एवढेच सांगणाऱ्या फलकांवर कुठेच नसते.

हीच गफलत पुन्हा होण्याच्या बेतात आहे. अझोलना न जुमानणाऱ्या ॲस्परजिलसवर ओलोरोफिम नावाचे अगदी नव्या पद्धतीचे औषध रुग्णांवरील चाचण्यांत आहे. ते बुरशीच्या ज्या एन्झाइमवर काम करते, त्याच एन्झाइमवर काम करणारे इपफ्लुफेनोक्विन हे शेतीचे बुरशीनाशक अमेरिकेत २०२२ साली नोंदवले गेले, आणि प्रयोगशाळेत एकाला प्रतिकार करणारी बुरशी दुसऱ्यालाही दाद देत नाही असे दिसून आले आहे. आपल्याकडे माणसांच्या औषधांचा परवाना आरोग्य खात्याच्या यंत्रणेकडे आहे आणि पिकांवरच्या औषधांची नोंदणी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली कृषी खात्याकडे. १ मार्च २०१४ पासून एच-१ या अनुसूचीतली प्रतिजैविके विकताना औषध दुकानदाराला रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते; कृषी सेवा केंद्रातून अझोलचा डबा नेताना तो रुग्णालयातल्या औषधाचा सख्खा भाऊ आहे, हे सांगण्याची कोणाची जबाबदारी ठरलेली नाही. माझ्या मते नवे बुरशीनाशक नोंदणीला आले, की त्याचे लक्ष्य असलेले एन्झाइम माणसांच्या कोणत्या औषधाचेही लक्ष्य आहे का, हा प्रश्न अर्जातच विचारला जावा, आणि उत्तर होकारार्थी असेल तर ते बाजारात आणायचे की नाही, याच्या निर्णयात आरोग्य खात्याचा माणूस बसलेला असावा.