हचिया, टेंभरं आणि आईचा माच

जानेवारीत नर्सरीतून आणलेल्या रोपाची मुळं उघडून पाहिली, तर कोळशासारखी काळी. मेलेलं रोप गळ्यात मारलं म्हणून परत द्यायलाच निघाले होते. मग कळलं की पर्सिमॉनची, म्हणजे या केशरी फळाच्या झाडाची, मुळं काळीच असतात. लावलं. एप्रिल आला, आजूबाजूची झाडं हिरवीगार झाली आणि आमची काठी होती तशीच उभी. रोज नखानं साल खरवडून आत हिरवं दिसतंय का ते बघायची मी.

याला आता सात वर्षं झाली. इथं कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत ज्याला त्याला विचारा, फुयू जातीचं पर्सिमॉन लाव म्हणतील. चपटं, टोमॅटोच्या आकाराचं, कडक असतानाच सफरचंदासारखं कापून खायचं. मी हचिया जातीचं आणलं. खाली टोकदार, आणि पार लिबलिबीत होईपर्यंत तोंडात घालायची सोय नाही. चौथ्या वर्षी फळं धरली तेव्हा नवऱ्यानं केशरी रंगाला भुलून कडक फळाचा लचका तोडला. कच्च्या फळातल्या तुरट टॅनिननं तोंड असं आवळलं की अर्धा तास घरात शांतता. (तसं बरंच वाटलं.)

हचियाच का, तर मी भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीची. उन्हाळ्यात बाया टोपलीत टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, घेऊन दारावर यायच्या. तेंदूचं पान बिडीला, फळ आम्हा पोरांना. गर थोडा, बियाच फार, आणि कच्चं खाल्लं की तोंडाची हीच गत! तेंदू आणि पर्सिमॉन दोन्ही डायोस्पायरॉस या एकाच वंशातले, एकमेकांचे भाऊबंदच. हे मी वाचून सांगते, आईनं मात्र बघूनच ओळखलं. त्या दिवाळीला ती इथं होती. फळ उलटं करून देठाची चार पाकळ्यांची टोपी पाहिली आणि म्हणाली, "अवं बाई, हे तं टेंभरच होय! एवढं मोठं कसं झालं?"

मग तिनं आंब्याचा घालतात तसा माच, म्हणजे पिकवायची अढी, घातला. तणस (भाताचा पेंढा) नव्हती, म्हणून खोक्यात वर्तमानपत्रं आणि मध्ये दोन पिकली सफरचंदं. दहा दिवसांत फळं पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखी झाली. चमच्यानं खाल्ली, जॅमसारखी.

त्याच हिवाळ्यात मी शहाणपणा केला. झाड नीटस दिसावं म्हणून सगळ्या फांद्यांचे शेंडे छाटले. फळ येतं ते गेल्या वर्षीच्या काडीच्या शेंड्याकडच्या डोळ्यांतून फुटणाऱ्या नव्या फुटीवर. पाचवं वर्ष कोरडं गेलं. सहाव्या वर्षी इतकी लागली की एक फांदी काडकन मोडली. लाकूड फार ठिसूळ असतं याचं. आता जूनमध्ये फळं विरळ करते आणि बांबूचा टेकू देते. तशीही छोटी फळं तेव्हा आपोआप गळतातच. एकदा त्याला घाबरून भरपूर नत्रखत घातलं, तर आणखी गळली.

परवा व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "येताना बी आण, वाडीत लावू." म्हटलं, आई, परागीभवन न होताच हे फळ धरतं, यात बीच नसते.

"मंग हे टेंभर कसलं वं?" म्हणाली.