नववे स्थान

उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, आमच्या धर्मग्रामातील (चर्चच्या पॅरिशमधील) तीसेक माणसे परतवाड्याहून चिखलदऱ्याला पायी जातात. अंतर 30 किलोमीटरच्या आसपास आहे, परंतु शेवटचा टप्पा घाटाचा असल्याने धामणगाव गढीला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पहाटे चढण धरावी लागते. आम्ही याला वारीच म्हणतो. वऱ्हाडात वाढलेल्या माणसाला देवाकडे पायी जाण्यासाठी दुसरा शब्द सुचणे कठीणच. मी पहिल्यांदा गेलो तो मात्र भक्तीपोटी नव्हे. आईने वारी बोलली होती आणि तिचे गुडघे ऐन वेळी धरले, म्हणून तिच्या वतीने गेलो.

पहिल्या दिवसाविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. जपमाळेत 53 वेळा ‘नमो मरिये’ ही मरियामातेची प्रार्थना येते. ओठांनी मी ते म्हणत होतो आणि मनात सोसायटीचे कर्ज, घरात पडलेला कापूस आणि उतरलेला भाव यांचा हिशेब चालू होता. हिशेब माळेपेक्षा लवकर संपला, हेही कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी घाटाच्या पायथ्याशी फादरांनी सांगितले की बायबलमधील स्तोत्रसंहितेतील 120 ते 134 ही 15 स्तोत्रे आरोहणस्तोत्रे म्हणून ओळखली जातात आणि यरुशलेमची चढण चढणारे यात्रेकरू ती गात असत, असे मानले जाते. मग मोबाइल पिशवीत ठेवायला लावून त्यांनी वर पोहोचेपर्यंत बोलणे बंद केले. वळणावळणावर थांबून क्रूसाच्या वाटेच्या, म्हणजे येशूच्या मरणयात्रेतील प्रसंगांच्या, 14 स्थानांची प्रार्थना करायची आणि मधल्या वाटेत गप्प राहायचे, एवढाच नेम होता. रस्त्याच्या खालच्या अंगाला कोरकू बाया मोहफुले वेचत होत्या. वाळलेल्या सागाच्या पानांवर आमची पावले वाजत होती. बोलायला कोणी नसले की माणसाला स्वतःचा केवढा आवाज येतो, हे मला त्या दिवशी कळले.

नवव्या स्थानी येशू तिसऱ्यांदा पडतो. गुडघे टेकले आणि त्याच वेळी माझ्या शेतातली एक वेचणीवाली डोळ्यांपुढे आली. दोन महिन्यांपूर्वी कापसाचे गाठोडे डोक्यावर घेऊन येताना ती धुऱ्यावर ठेचाळून पडली होती. मी धावलो होतो, पण आधी पाहिला होता तो कापूस. त्याला माती लागली म्हणून तिच्या वजनातून मी एक किलो कापलाही होता. तिच्या तळहाताला खरचटले होते, हे मला त्या वळणावर, इतक्या उशिरा आठवले. पुढची पाच स्थाने मी कशी केली ते सांगता येणार नाही.

घरी परतल्यावर मोठा पालट झाला असे काही नाही. पहाटे जनावरांना चारा टाकण्यापूर्वी अर्धा तास परसातल्या बाजेवर बसू लागलो. कधी शुभवर्तमानातला एक उतारा वाचतो, कधी नुसताच बसतो. काही दिवस तर डुलक्या घेण्यात जातात. राग अजून येतो, परंतु आदल्या दिवशी कोणाशी काय बोललो ते त्या अर्ध्या तासात हटकून समोर येते आणि दिवसभर त्याची लाज बरोबर चालते. मोशे देवाशी बोलून सीनाय पर्वतावरून उतरला तेव्हा त्याचा चेहरा तेजस्वी झाला होता आणि त्याला स्वतःला त्याची खबर नव्हती, असे बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या 34व्या अध्यायात आहे. माझ्या चेहऱ्यावर तेज वगैरे नाही. पण देवाजवळ बसल्याने काय झाले हे ज्याचे त्याला सगळ्यांत शेवटी कळते, एवढे मला पटले आहे.

दिवाळीनंतर पहिली वेचणी झाली. बाभळीच्या फांदीला काटा टांगला होता. दव, माती, कचरा म्हणून गाठोड्यामागे किलोभर कापण्याची माझी वर्षानुवर्षांची रीत होती. त्या दिवशी आकडा दिसला तसाच मोठ्याने वाचून वहीत लिहीत गेलो. तीच बाई पुढे आली, काट्याकडे आणि मग माझ्याकडे पाहत म्हणाली, “भाऊ, औंदा काटा बदलवला काय जी?”

काटा जुनाच आहे, असे मी सांगितले. तिने गाठोडे खाली उतरवले आणि खात्री करण्यासाठी पुन्हा काट्याला लावले.