गोळी हातात आहे, पण गिळवत नाही

चिंतेवरची गोळी लिहून मिळते, पाकीट घरी येतं आणि कपाटात तसंच पडून राहतं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना "घेतोय" असं सांगितलं जातं, नाहीतर भेटच पुढे ढकलली जाते. याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. ज्या आजारासाठी गोळी दिली, त्यानेच गोळीलाही धोक्यांच्या यादीत टाकलेलं असतं. म्हणून "अरे, काही होत नाही, घेऊन टाक" असं कितीही जणांनी समजावलं तरी दिलासा तासभर टिकतो आणि शंका दुसऱ्या दाराने आत येते. अशा वेळी वाद घालत बसण्यापेक्षा घड्याळ, मिलिग्रॅम आणि वही जास्त कामाला येतात.

आधी घड्याळ. एस्सिटॅलोप्रॅम आणि सर्ट्रालीन ही चिंतेवर नेहमी दिली जाणारी दोन औषधं. एस्सिटॅलोप्रॅमचं रक्तातलं प्रमाण सर्वाधिक व्हायला गोळी घेतल्यापासून साधारण पाच तास लागतात, सर्ट्रालीनला साधारण पाच ते आठ. गोळी विरघळायची, आतड्यातून शोषली जायची, मग पुढे. तेव्हा पाण्याचा घोट उतरल्यावर पाचव्या मिनिटाला जी धडधड, हाताला मुंग्या आणि "आता मला काहीतरी होणार" असं वाटणं सुरू होतं, त्यात गोळीचा हात जवळजवळ नसतोच. भीतीने श्वास भरभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि मुंग्या, हलकं डोकं त्यातून येतं. खऱ्या ॲलर्जीची चिन्हं मात्र पाठ असावीत: ओठ, जीभ किंवा चेहरा सुजणं, अंगावर पित्ताच्या गांधी उठणं, श्वासाला घरघर लागणं. यातलं काही दिसलं तर थेट इमर्जन्सी विभाग गाठायचा. हे क्वचित होतं, आणि बहुधा शेजारी बसलेल्या माणसालाही दिसतं.

दुष्परिणाम होतच नाहीत असं सांगणारा माणूस पहिल्याच आठवड्यात तोंडघशी पडतो. ही औषधं सिरोटोनिन या रसायनावर काम करतात आणि शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सिरोटोनिन पचनमार्गात असतं, म्हणून मळमळ आणि पोट बिघडणं सुरुवातीला येतं. डोकं दुखतं, तोंड कोरडं पडतं, झोपेचं गणित चुकतं. आणि जे सांगायचं हमखास राहून जातं ते असं: काही जणांना पहिल्या एक-दोन आठवड्यांत औषधामुळेच अस्वस्थता थोडी वाढते. हे आधी माहीत नसेल तर माणूस "बघा, मला हे औषध चालत नाही" म्हणून तिथेच थांबतो. यावर साधा उपाय आहे, कमी डोसने सुरुवात. पॅनिकचे झटके येणाऱ्यांना एस्सिटॅलोप्रॅम पहिला आठवडा ५ मिलिग्रॅम आणि मग १०, सर्ट्रालीन आधी २५ आणि मग ५० अशी सुरुवात नेहमीचीच आहे. "मला औषधाचीच भीती वाटते, हळू चढवता येईल का?" हा प्रश्न डॉक्टरांना बेधडक विचारावा. त्यात कमीपणा नाही, उलट डोस ठरवायला त्यांना ती माहिती लागते. मात्र स्वतःच्या मनाने गोळीचे तुकडे पाडू नयेत. मधोमध खाच असलेली गोळी सरळ मोडते. एसआर, ईआर, एक्सआर असं लिहिलेली औषधं हळूहळू सुटावीत म्हणून बनवलेली असतात, ती विचारल्याशिवाय मोडायची किंवा चावायची नसतात.

मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर घ्यावी. झोप उडत असेल तर सकाळी, पेंग येत असेल तर रात्री. यातले बहुतेक त्रास दोनेक आठवड्यांत ओसरतात.

आता पाकिटातला तो घडीचा कागद. तो एकदाच वाचावा, शक्यतो कोणाला तरी सोबत घेऊन. त्यात बऱ्याचदा वारंवारतेचे गट दिलेले असतात: "खूप सामान्य" म्हणजे दहात एक किंवा जास्त, "सामान्य" म्हणजे शंभरात एक ते दहात एक, "दुर्मिळ" म्हणजे दहा हजारांत एक ते हजारात एक. घाबरलेली नजर नेमकी शेवटच्या गटावर जाऊन चिकटते. मग इंटरनेट उघडायचं, अनोळखी माणसांचे वाईटात वाईट अनुभव वाचायचे आणि तीच लक्षणं स्वतःत शोधायची. अपेक्षेमुळे लक्षण खरोखर जाणवू लागतं, याला वैद्यकात नोसीबो परिणाम म्हणतात. त्रास खोटा नसतो, त्याचं कारण गोळीत नसतं इतकंच.

यासाठी वही हवी. गोळी सुरू करण्याआधी चार-पाच दिवस रोज रात्री डोकेदुखी, मळमळ, धडधड, झोप यांना शून्य ते दहा गुण द्यायचे. बहुतेकांना ही पानं पाहून आश्चर्य वाटतं, कारण ज्याचा आळ पुढे गोळीवर येणार असतो त्यातलं बरंचसं आधीपासूनच तिथे असतं. सुरू केल्यावरही नोंद दिवसातून एकदाच. दर तासाला नाडी मोजणं, बीपी बघणं, ऑक्सिमीटर बोटाला लावणं म्हणजे चिंतेला खुराक.

याच चार-पाच दिवसांत पायऱ्याही चढायच्या. पाकीट कपाटातून काढून टूथब्रशशेजारी ठेवायचं. दुसऱ्या दिवशी गोळी तळहातावर घेऊन भीती थोडी उतरेपर्यंत बसायचं, मग परत ठेवायची. पहिल्या गोळीसाठी घरात कोणीतरी असेल आणि हाताला नेहमीचं काम असेल असा दिवस निवडावा. रिकामा दिवस शरीरावर पहारा देण्यात जातो. पण पायऱ्यांचाही महिना होऊ देऊ नये. "अजून तयारी नाही" हीदेखील टाळाटाळच असते.

गिळायला लागल्यावर सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे घाबरल्यावर तेवढी गोळी घ्यायची आणि बरं वाटलं की सोडायची. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालीन ज्या गटात येतात त्या एसएसआरआय गटातली औषधं अशी चालत नाहीत. एस्सिटॅलोप्रॅमची रक्तातली पातळी स्थिर व्हायलाच आठवडाभर लागतो, फरक दोन ते सहा आठवड्यांत जाणवू लागतो, पूर्ण परिणामाला त्याहून वेळ लागू शकतो. म्हणजे पहिले दहा-बारा दिवस निव्वळ तोट्याचे वाटतात आणि लोक नेमके तेव्हाच सोडतात. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत.

"सवय लागेल" ही भीती दोन वेगळ्या गटांची सरमिसळ करते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम या झटपट शांत करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम अर्ध्या-एक तासात जाणवतो आणि त्यांची सवय खरोखर लागते. म्हणून ती शक्यतो दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावीत असा संकेत आहे, आणि दारूबरोबर ती घेतली तर श्वास मंदावू शकतो. एसएसआरआयची तलफ येत नाही. "माझा स्वभाव बदलेल का?" याचं उत्तर इतकं सरळ नाही: काहींना भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात, आणि लैंगिक इच्छा कमी होणं किंवा संभोगात तृप्तीला वेळ लागणं बऱ्याच जणांत दिसतं, ते आपोआप जाईलच असं नाही. लाजून गप्प बसण्यापेक्षा सांगावं, डोस किंवा औषध बदलता येतं.

काही गोष्टी डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगायच्या: स्वतःला किंवा घरात कोणाला बायपोलर (मन टोकाच्या उत्साहात आणि उदासीत झुलण्याचा आजार), गर्भारपण, हृदयाच्या ठोक्यांचा आजार, ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी किंवा मायग्रेनच्या ट्रिप्टान गोळ्या, सेंट जॉन्स वॉर्ट हे वनस्पतीजन्य औषध, रक्त पातळ करणारी औषधं, रोजची ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन. पंचविशीच्या आतल्यांत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेची २००७ पासून तशी ठळक सूचना आहे. असे विचार, एका जागी बसवत नाही इतकी तगमग, किंवा झोप न घेताही उतू जाणारा उत्साह दिसला तर त्याच दिवशी फोन करायचा.

बरं वाटू लागल्यावर साधारण सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवतात. एकदम तोडलं तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होऊ शकतं. चिंतेवरच दिल्या जाणाऱ्या पॅरोक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सीनला हे जास्त, फ्लुओक्सेटीन शरीरातून फार सावकाश जात असल्याने त्याला कमी. डोस कमी करताना शेवटचे मिलिग्रॅम सर्वांत जड जातात, कारण छोट्या डोसलाही मेंदूतला परिणाम बराच असतो. तिथे एस्सिटॅलोप्रॅम १० वरून ५ आणि ५ वरून थेट शून्य अशी उडी न मारता अडीच, मग त्याहून कमी असं उतरावं लागतं, आणि त्यासाठी पातळ औषध मिळतं का ते विचारावं.