खाली बघू नकोस, खांद्याकडे बघ

एका नव्या ऑनलाइन गेमच्या बीटात, म्हणजे बाजारात यायच्या आधीच्या चाचणीत, पहिल्या बॉससमोर, म्हणजे पहिल्या मोठ्या शत्रूसमोर, मी ११ वेळा मेले. त्यातल्या निदान सात वेळा मी त्याच्याकडे बघतच नव्हते. माझे डोळे पडद्याच्या तळाशी, स्किलच्या पट्टीवर. कुठलं स्किल परत तयार झालं, कुठल्याला अजून वेळ आहे, ह्यातच जीव अडकलेला. वर तो दगडी रेडा हातोडा उगारतोय, ह्याचा पत्ताच नाही.

सवयच तशी लागलेली. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम मी बरीच वर्षं खेळतेय आणि जवळजवळ सगळीकडे टँक म्हणूनच खेळलेय. ढाल घेऊन पुढे उभं राहायचं, मार अंगावर घ्यायचा, मागच्यांना त्यांचं काम करू द्यायचं. पण माझे सगळे गेम जुन्या वळणाचे. टॅब दाबला की शत्रू निवडला जातो, मग ठरलेल्या क्रमाने बटणं दाबत राहायची. वार लागला की नाही हे तुमच्या नेमावर ठरत नाही, आतल्या हिशोबावर ठरतं. २००४ मध्ये आलेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये एक स्किल वापरलं की पुढच्यासाठी साधारण दीड सेकंद थांबावं लागायचं. दीड सेकंदात माणूस चष्मा पुसून घेतो.

हा नवा गेम मात्र ॲक्शन-कॉम्बॅटचा. त्यात नेम तुमचा तुम्ही धरायचा. तलवार जिथून फिरेल तिथलाच शत्रू कापला जाणार, आणि वाचायचं असेल तर स्वतः बाजूला व्हायचं. हे काही आजचं नाही. कोरियात टेरा २०११ मध्ये सुरू झाला, पुढे ब्लेड अँड सोल आला, ब्लॅक डेझर्ट आला, २०२१ मध्ये न्यू वर्ल्ड आला. मी दर वेळी 'हे आपल्या बोटांचं काम नाही' म्हणून लांब राहिले. संगणकावरचा टेरा तर २०२२ मध्ये बंदही पडला, माझं बघायचं राहूनच गेलं. ह्या वेळी एका मैत्रिणीने परस्पर माझंही नाव नोंदवलं आणि दोघींनाही आत शिरायचा कोड आला, म्हणून हा उपद्व्याप. गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बीटा आहे, अर्ध्या कच्च्या वस्तूला नावानिशी झोडपण्यात अर्थ नाही.

शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र, एवढाच वेळ होता. त्यातली पहिली संध्याकाळ गेममध्ये शिरायच्या रांगेतच गेली. ४,००० च्या पुढचा नंबर, तो हळूहळू ६०० वर आला, मग 'अनोळखी त्रुटी' अशी पाटी आली आणि पुन्हा ४,००० च्या पुढे. हे बीटात चालायचंच. किती भार टाकल्यावर सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचा गेम चालवणारा कंपनीचा संगणक, वाकतो, ते बघायलाच तर आपल्याला बोलावलेलं असतं.

आत शिरल्यावर पात्र बनवण्यात सव्वा तास घालवला. भुवयांची जाडी, नाकाचा उतार, गालावरचा व्रण, सगळं हौसेने केलं. दहा मिनिटांत पहिलं शिरस्त्राण मिळालं आणि तो चेहरा जो झाकला गेला तो पुन्हा दिसला नाही.

सुरुवातीच्या सरावात मात्र मी चाट पडले. भाल्याने पेंढ्याचा पुतळा मारायचा होता, एवढंच. पण भाला लागला त्या क्षणी सगळं चित्र किंचित थबकलं. माझं पात्र, भाला, पुतळा, सगळं डोळ्याची पापणी लवते तेवढंच थांबलं आणि मग पुढे सरकलं. ह्याला हिटस्टॉप म्हणतात. फाइटिंग गेमवाल्यांची ही जुनी युक्ती आहे: दोन-चार फ्रेम (फ्रेम म्हणजे हलत्या चित्रातलं एकेक स्थिर चित्र) सगळं गोठवायचं, की हाताला वाटतं आपण खरोखर जड काहीतरी हाणलं. युक्ती माहीत असूनही मी त्या पुतळ्याला पंधरा मिनिटं उगाच मारत बसले. इतक्या वर्षांत माझ्या हातातल्या शस्त्राला वजन असल्याचं मला पहिल्यांदाच जाणवत होतं. आजवर शत्रूच्या डोक्यावर नुसते आकडे उडायचे, त्यालाच मी मार समजत आले होते.

मग पहिलं डंजन, म्हणजे गटाने उतरायची शत्रूंची गुहा. चौघांचा गट, त्यात दोघी आम्ही. मैत्रीण हीलर, म्हणजे बाकीच्यांना बरं करणारी. इथे हीलरलाही नेम धरावा लागतो. ज्याला बरं करायचं त्याच्यावर क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची खूण, नेऊन उपचार सोडायचा. समोरचा कोलांट्या मारत सुटला की उपचार भिंतीवर जाऊन आपटतो. तिची चिडचिड मला हेडफोनमधून ऐकू येत होती.

"अगं, एका जागी थांबशील का?"

"थांबले की मरते!"

"मग निदान कुठे उडी मारणार ते तरी सांग!"

ह्या गेममध्ये स्पेस दाबली की कोलांटी. कोलांटी घेताना मधले काही क्षण तुम्हाला मार लागतच नाही, त्यांना खेळाडू आय-फ्रेम म्हणतात. चार कोलांट्या मारल्या की दम संपतो आणि पात्र धापा टाकत उभं राहतं. मी घाबरून आधीच चारही मारून टाकायचे आणि हातोडा यायच्या वेळी धापा टाकत त्याच्याखाली उभी असायचे. आठव्यांदा मेल्यावर मैत्रीण म्हणाली, "तू खाली काय बघतेस सारखी? खाली बघू नकोस, त्याच्या खांद्याकडे बघ."

पट्टीवर चक्क कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि बघितलं. डावा खांदा खाली गेला की आडवा फटकारा येतो. दोन्ही खांदे वर गेले की हातोडा सरळ डोक्यावर. आणि उजवा खांदा मागे गेला की तो लबाड थांबतो, साधारण सेकंदभर हात हवेतच ठेवतो, घाईने कोलांटी मारणाऱ्यांची वाट बघत, आणि मग हाणतो. तिसरा प्रकार कळला तेव्हा मला त्या रेड्याबद्दल आदर वाटायला लागला. कोणीतरी बसून माझ्या घाईचा विचार करून हे बेतलं होतं.

तरी पुढच्या तीन वेळा मेलेच. आणि ह्या वेळी चूक माझी नव्हती, असं मला ठाम वाटत होतं. मी वेळेवर कोलांटी मारली होती, मी बघितलं होतं. मैत्रीण म्हणाली, "हो का!" त्या सुरात 'सगळे हेच म्हणतात' हे आलंच.

नशिबाने ह्या झुंजी मी रेकॉर्ड केल्या होत्या, सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणून त्या एकेक फ्रेम पुढे सरकवत बघितल्या. एक फ्रेम म्हणजे जेमतेम १७ मिलिसेकंद. एका वेळी हातोडा जमिनीला लागायच्या ९ फ्रेम आधी माझी कोलांटी सुरू झालेली स्वच्छ दिसते. पात्र अर्धं उलटं झालेलं, आणि तशा उलट्या अवस्थेतच त्याचं आयुष्य शून्यावर येतं. दुसऱ्या वेळी कोलांटी १४ फ्रेम आधी, तेव्हा सहीसलामत सुटले. ९ ला मरण, १४ ला जीवदान. मधला आकडा कुठून येतो हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही, पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलाच होता: पिंग १८५, म्हणजे सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन-यायला १८५ मिलिसेकंद. भागा १७ ने, ११ फ्रेम होतात.

गंमत अशी, की पडद्यावर जो हातोडा मला दिसतो तो शिळा असतो. सर्व्हरवर तो आधीच पडायला लागलेला असतो, मला त्याची बातमी निम्म्या पिंगने उशिरा येते. मी स्पेस दाबते तीही सर्व्हरला तेवढ्याच उशिरा कळते. माझ्या संगणकावर पात्र लगेच उलटतं, कारण तेवढी मुभा गेम देतो, नाहीतर बटण मेल्यासारखं वाटेल. पण मार बसला की नाही ह्याचा निवाडा सर्व्हर करतो, आणि सर्व्हरच्या लेखी मी अजून उभी असते. म्हणजे मला कायम ११ फ्रेम आधी मरणाचा अंदाज घ्यायचा. जवळ राहणाऱ्याला दोन फ्रेम आधी.

बरं, ह्यावर पैसे टाकून उपाय होईल असंही नाही. प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर ८,००० किलोमीटरवर असला तर जाऊन-येऊन ८० मिलिसेकंद गेलेच, तार सरळ रेषेत टाकली तरी. ती तशी कधीच नसते. कंपनी जवळ सर्व्हर लावेल तरच काही फरक पडणार. दुसरा मार्ग म्हणजे कोलांटीपुरता खेळाडूच्या संगणकाचा शब्द प्रमाण मानायचा. पण तसं केलं की फसवणारे टपलेलेच असतात. मागे एका मोठ्या गेममध्ये खिडकी माउसने धरून ओढत राहिलं की पात्राला मारच बसेना, असा घोळ झाला होता. त्यामुळे सर्व्हर माझ्यावर विश्वास ठेवत नाही ह्याचा राग धरण्यात अर्थ नाही. मी सर्व्हर असते तर मीही ठेवला नसता.

हे सगळं लिहून, दोन्ही फिती जोडून, तक्रारीच्या खिडकीतून पाठवलं. उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

पण एकदा कारण कळल्यावर राग गेला, आणि बाराव्या झुंजीत रेडा पडला. मी हातोड्याकडे बघायचं सोडून दिलं होतं. खांदा हलला, की मनात एक आकडा मोजायचा आणि स्पेस. शेवटच्या मिनिटात पट्टीवर काय तयार होतं आणि काय नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. हीलर मेलेली, धनुर्धारी मेलेला, चौथा कधी बाहेर पडला कळलंच नाही. मी आणि तो. तो उजवा खांदा मागे घेऊन थांबला, मीही थांबले. मग त्याने हाणलं, मी बाजूला झाले, आणि भाला त्याच्या बरगडीत. हेडफोनमधून मैत्रीण इतक्या जोरात ओरडली की मी आवाज कमी करायला हात पुढे केला आणि माउसच खाली पाडला. मेलेला शत्रू उठून बसत नाही, हे नशीब.

इतकी चढलेली असताना रविवारी दुपारी मैदानातल्या मोठ्या राक्षसावर गेले आणि जमिनीवर आले. तिथे चाळीसेक खेळाडू. प्रत्येकाच्या हातातून ज्वाळा, विजा, निळे-हिरवे भोवरे. राक्षस दिसतच नव्हता. खांदा कसला, त्याला डोकं आहे की नाही हेही कळेना. सेकंदाच्या फ्रेम ६० वरून २० च्या खाली आलेल्या. मधूनच अख्खी गर्दी एकदम आडवी व्हायची, म्हणजे काहीतरी पडलं असावं. मी माउसचं डावं बटण दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने सेटिंगमध्ये इतरांचे इफेक्ट कमी करायची सोय शोधू लागले. होती ती, पण बीटात चालत नव्हती.

माझी खरी शंका इथे आहे. रेड्याशी जे झालं ते दोघांचं भांडण होतं, एकमेकांकडे बघून केलेलं. त्याला बघता आलं नाही तर त्यात काही उरत नाही. आणि ऑनलाइन गेम म्हटला की गर्दी आली. गर्दीसाठीच तर आपण ऑनलाइन जातो. जुने गेम ह्या बाबतीत हुशार निघाले असं आता वाटतं. तिथे चाळीस काय, आणखी कितीही असले तरी फरक पडत नव्हता, कारण कोणीच राक्षसाकडे बघत नव्हतं. सगळे आपापल्या पट्टीकडे बघत होते.

दुकान मात्र बीटातही चोख चालू होतं. पुढच्या गावातल्या कामगिरीला मजकूरच नव्हता, पात्राच्या तोंडी नुसतं 'संवाद_०७' असं यायचं, पण पैसे देऊन घ्यायचे पोशाख सगळे जागच्या जागी, फिरवून बघता येतील असे. काम कुठून सुरू झालंय ते कळलं.

रविवारी रात्री सर्व्हर बंद झाला आणि आमची पात्रं पुसली गेली, त्या व्रणासकट. सोमवारी आमच्या नेहमीच्या गेममध्ये ठरलेली रेड, म्हणजे मोठ्या गटाने बॉसवर जायची मोहीम, होती. पंचवीस जण, मी पुढे ढाल घेऊन. बॉसने हात उचलला, त्याचा खांदा मागे गेला, मी मनात एक मोजला आणि स्पेस दाबली.

ह्या गेममध्ये स्पेस म्हणजे उडी. मी पंचवीस जणांच्या पुढ्यात जागच्या जागी टुणकन उडी मारली आणि पूर्ण मार तोंडावर घेतला.

"हे काय होतं?" रेड-लीडरने विचारलं. हीलरच्या बाजूने नुसतं खिदळणं ऐकू येत होतं.